एका सेकंदाची परीक्षा

रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरात मोबाइल स्टीलच्या पातेल्यात जातो. इशाची नमाज झालेली असते, जेवणे उरकलेली असतात, तपासायच्या वह्या निदान बाजूला सारलेल्या असतात. पातेल्यात मोबाइल ठेवला की आवाज घुमतो आणि स्वयंपाकघरातल्या बेगमपासून खाटेवर लोळणाऱ्या मुलापर्यंत सगळ्यांना ऐकू येतो. मग पलीकडून कोणीतरी विचारते, "कुर्लावाले, विमान गेले का?" विमानतळावर उतरणारी विमाने आमच्या डोक्यावरून इतकी खालून जातात की तेवढ्या वेळात घरातले बोलणेही थांबते, गाण्याचा एक सेकंद कुठून ऐकू येणार? विमान गेले की आम्ही कळवतो आणि खेळ सुरू होतो.

खेळ असा. एक जण जुन्या हिंदी चित्रपटगीताच्या सुरुवातीचा फक्त एक सेकंद वाजवतो. तेवढ्यावर गाणे ओळखले तर सहा गुण. नाही ओळखले तर दोन सेकंद वाजवायचे, मग चार, सात, अकरा आणि शेवटी सोळा. दर पायरीला एक गुण कमी. उत्तर ग्रुपवर लिहायचे, ज्याचे आधी उमटेल त्याचे गुण. अशी दहा गाणी झाली की पाच प्रश्न, संगीतकारांचे, गायकांचे, सालांचे. अर्ध्या-पाऊण तासात आटोपते.

ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. २०२२ च्या सुरुवातीला इंटरनेटवर 'हर्डल' नावाचा असा खेळ आला होता. दोह्याला नोकरीला असलेल्या भाच्याने तो दाखवला. त्यात रोज एक इंग्रजी गाणे असे आणि आम्हाला त्यातले एकही कधी ओळखता आले नाही. त्याच वर्षी जुलैत स्पॉटिफायने तो खेळ विकत घेतला आणि २०२३ च्या मे महिन्यात बंदही केला. भाचा म्हणाला, "मामू, आपण आपल्या गाण्यांचा खेळू." त्याने सेकंदांचे तुकडे करायचे काम अंगावर घेतले, आम्ही माणसे जमवली. आमच्या शाळेतल्या दोन शिक्षिका. नेहरूनगरच्या एक ताई, बँकेतून निवृत्त. हॉल रोडचे एक ख्रिस्ती काका, तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे. बैल बाजारात राहणारे पण मनाने अजून चिपळुणातच असणारे एक कोकणी गृहस्थ, ज्यांच्या मते तलत महमूदनंतर गाणे संपले. अशी करता करता तेरा-चौदा डोकी झाली.

वाचक बंधू-भगिनींपैकी काहींच्या कपाळावर एव्हाना आठी पडली असेल, की मास्तर मुलांना शिकवायचे सोडून रात्री गाणी ओळखत बसतात. गाण्याबजावण्याबद्दल उलेमांत मतभेद आहेत आणि तो वाद सोडवण्याची आमची पात्रता नाही. आमच्या अब्बांचा शिरस्ता होता: अजान झाली की रेडिओ बंद, रमजानचा चाँद दिसला की महिनाभर रेडिओवर कापड. आम्ही तोच शिरस्ता चालवतो. रमजानमध्ये ग्रुपही बंद असतो.

अब्बा कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते. त्यांना हा खेळ दाखवायला मिळाला असता तर त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले असते की यात नवे काही नाही. ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींनी 'बिनाका गीतमाला' सुरू केली, तेव्हा तीही स्पर्धाच होती. अर्ध्या तासात सात गाणी, मुद्दाम उलटसुलट क्रमाने लावलेली. श्रोत्यांनी ती कालक्रमाने लावून पाठवायची. बक्षीस १०० रुपये. त्याच काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली होती, म्हणून लोक सिलोनकडे वळले होते. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत आकडा गेला, असे सायानीसाहेब स्वतः सांगत. एवढी पत्रे तपासणार कोण? शेवटी स्पर्धा गुंडाळून लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी वाजवायचे ठरले आणि आपल्याला ठाऊक असलेली गीतमाला झाली. अब्बा तेव्हा चौदा वर्षांचे. घरी रेडिओ नव्हता, बुधवारी संध्याकाळी हॉटेलाबाहेर उभे राहून ऐकायचे. त्यांनीही एक पोस्टकार्ड टाकले होते. सातांपैकी दोन गाण्यांचा क्रम चुकला आणि शंभर रुपये गेले, हे दुःख ते आम्हाला पन्नास वर्षांनंतरही सांगत असत.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आम्ही उर्दू आणि मराठी या दोन विषयांत बी.एड. केलेले माणूस. अमीन सायानींच्या आई कुलसुम सायानी प्रौढशिक्षणाचे काम करीत आणि 'रहबर' नावाचे पत्र काढीत. गांधीजींच्या सांगण्यावरून ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, पण एकाच सोप्या हिंदुस्तानीत निघे. मुलगा त्या कामात आईला मदत करी. देशभर समजली गेलेली ती रेडिओवरची भाषा तिथे घडली. २० फेब्रुवारी २०२४ ला सायानीसाहेब गेले, त्या रात्री आम्ही गाणी ओळखली नाहीत. ज्याला जे आठवले ते त्याने सांगितले.

त्या रात्री सर्वांत कमी बोलले ते चाचा. आता त्यांच्याबद्दल.

चाचांना ग्रुपमध्ये आणले ते चिपळूणवाल्यांनी. मशिदीत ओळख झालेली. वय सत्तरीच्या पुढे, राहायला हलाव पुलाकडे. ते लिहून उत्तर देत नसत, माइक चालू करून बोलत. पहिल्या रात्री दहापैकी सात गाणी त्यांनी एका सेकंदात सांगितली. आम्ही वाहवा केली. दुसऱ्या रात्री आठ. तिसऱ्या रात्री नेहरूनगरच्या ताई, ज्या तोवर कायम पहिल्या असत, गप्प झाल्या. एका सेकंदात असते तरी काय? व्हायोलिनांचा एक झोत, मेंडोलिनचा एक झणत्कार, कधी तबल्यावर पडलेली नुसती एक थाप. आम्ही अजून श्वास घेतोय तोवर पातेल्यातून चाचांचा आवाज येई, गाण्याचे नाव सांगून मोकळा.

आणि गंमत अशी की पुढच्या पाच प्रश्नांत चाचा साफ कोरडे. १९४८ च्या 'हीर रांझा'चे संगीतकार शर्माजी-वर्माजी, त्यातले शर्माजी कोण? चिपळूणवाल्यांनी लगेच लिहिले, खय्याम, आणि वर्माजी म्हणजे रहमान वर्मा, जे फाळणीत पाकिस्तानात गेले. चाचा म्हणाले, "असेल बुवा." 'महल'मधल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर १९४९ साली गायिकेचे नाव काय छापले होते? कामिनी, म्हणजे मधुबालाच्या भूमिकेचे नाव. गाणाऱ्या लताबाईंचे नाव लोकांनी विचारणा केल्यावर कळले. चाचांना हे ठाऊक नव्हते. 'पाकीझा' १९७२ मध्ये पडद्यावर आला तेव्हा त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद हयात नव्हते, १९६८ मध्येच गेले होते, हेही त्यांना आमच्याकडून कळले. ते कळल्यावर मात्र बराच वेळ "अरेरे" म्हणत राहिले. हॉल रोडचे काका तर चिडलेच. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात ज्यांचे नाव आहे ते अँथनी गोन्साल्विस खरोखरच होऊन गेले, गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, प्यारेलालजींचे गुरू, हे गाण्याच्या शौकिनाला ठाऊक नसावे याचे त्यांना फार वाईट वाटले.

मग ग्रुपबाहेर, दोघातिघांत कुजबुज सुरू झाली. ज्याला चित्रपटाचे साल माहीत नाही, संगीतकार माहीत नाही, तो एका सेकंदात गाणे ओळखतो कसा? कोणीतरी म्हणाले, अ‍ॅप आहे. शझाम. मोबाइलसमोर धरले की नाव सांगते. दुसऱ्या मोबाइलवर लावत असतील, म्हणूनच लिहीत नाहीत, हात गुंतलेला असतो.

वीस वर्षे परीक्षागृहात येरझाऱ्या घातलेल्या माणसाचे एक वाईट असते. कोणी पटापट लिहू लागला की त्याची नजर आधी बाकाखाली जाते. आमचीही गेली. मुलांच्या बाबतीत निदान आम्ही कागद सापडेपर्यंत बोलत नाही. इथे कागद सापडण्याचा प्रश्नच नव्हता, तर आम्ही स्वतःच एक बेत आखला, आणि खरे सांगायचे तर तो बेत सुचल्याचा आम्हाला आनंद झाला होता.

बेत असा. अ‍ॅप रेकॉर्ड ओळखते, कोणी नव्याने वाजवलेले सहसा ओळखत नाही. आमच्या मुलाकडे कॅसिओचा छोटा कीबोर्ड आहे. त्याच्याकडून 'बैजू बावरा'तल्या एका गाण्याची सुरुवात वाजवून घ्यायची, रेकॉर्ड करायची आणि त्या रात्री आपण सूत्रधार होऊन ती लावायची. ज्याला कान आहे तो ओळखेल. ज्याच्याकडे अ‍ॅप आहे तो अडकेल. बेगमला सांगितले तर त्या भांडी लावता लावता म्हणाल्या, "त्यांना सरळ विचारत का नाही?" आम्ही म्हणालो, सरळ विचारले तर अपमान होईल.

त्या रात्री सहाव्या गाण्याला आम्ही तो तुकडा लावला. एका सेकंदात काही कळण्यासारखे नव्हते म्हणून एकदम चार सेकंद. शांतता. एरवी या वेळेपर्यंत चाचांचे उत्तर येऊन जाते. पाच सेकंद, दहा सेकंद. ताईंचे उत्तर लिहून आले, बरोबर होते. चिपळूणवाल्यांचे आले. चाचा गप्प. तेवढ्यात एकाने लिहिले, "आज कोणाची बॅटरी संपली वाटते," आणि खाली हसरी तोंडे उमटली, एक, दोन, चार. आम्ही हसरे तोंड टाकले नाही. पण ज्यांनी टाकली त्यांना थांबवलेही नाही.

चाचांचा माइक चालू झाला. आवाज नेहमीसारखाच, हळू. "गाणे ताईंनी सांगितले तेच आहे. पण ही रेकॉर्ड नाही. कोणी लहान मूल एका बोटाने वाजवते आहे. मला वाटले तुमच्या घरात पोरगा खेळतो आहे आणि चुकून ऐकू येते आहे, म्हणून मी थांबलो." मग थोडे थांबून, "मास्टर, परीक्षा घ्यायची होती तर सांगून घ्यायची. मी तयारीने बसलो असतो."

माइक बंद झाला. उरलेली चार गाणी कशीबशी झाली. पाच प्रश्न झालेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी चाचा आले नाहीत. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाहीत. फोन लागत होता, कोणी उचलत नव्हते. भाच्याला दोह्याला सगळी हकीकत सांगितली तर तो उलट आमच्यावरच उखडला. "मामू, मला आधी विचारायचे तरी." त्याने जे समजावले ते आमच्या बुद्धीला झेपले तेवढे असे: शझाम आवाजातल्या ठळक ठळक जागा टिपून त्यांचा एक नकाशा बनवते आणि साठवलेल्या लाखो नकाशांशी ताडते. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये ते सुरू झाले तेव्हा अ‍ॅप वगैरे नव्हते, २५८० हा नंबर फिरवून फोन स्पीकरसमोर धरावा लागे. आज ते झटपट झाले आहे, तरी नकाशा बनवण्याइतका आवाज लागतोच, काही सेकंदांचा. "एका सेकंदाचा तुकडा संपला की चाचा बोलतात. अ‍ॅपने ऐकायचे कधी, शोधायचे कधी आणि चाचांनी वाचायचे कधी?" हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही सुटला असता.

रमजान आठ दिवसांवर आला होता. ग्रुप महिनाभर बंद होणार आणि ही गोष्ट तशीच मनात राहणार. बेगम म्हणाल्या, "रोजे ठेवायच्या आधी जाऊन या." रविवारी असरनंतर आम्ही मुलाला बरोबर घेऊन निघालो. घर चिपळूणवाल्यांनी समजावून दिले होते. अरुंद गल्ली, उभी लोखंडी शिडी, वर एक खोली. दार सुनेने उघडले. चाचा खिडकीशी बसले होते आणि आम्ही अगदी समोर जाऊन सलाम करेपर्यंत त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. काचबिंदूने नजर बरीच गेली आहे, हे आम्हाला तेव्हा कळले. चौदा जणांत कोणालाच माहीत नव्हते, कोणी विचारलेच नव्हते. मोबाइल सून लावून देत असे. माहेरी कोणी आजारी म्हणून ती आठवडाभर गेली होती आणि मुलगा रात्रपाळीला, म्हणून फोन नुसताच वाजत होता. निदान चाचांनी आम्हाला तरी असेच सांगितले.

आम्ही माफी मागितली. जी वाक्ये वाटेत जुळवली होती त्यांतले एकही धड बाहेर आले नाही. चाचांनी मध्येच थांबवले आणि हसले. "मास्टर, मी चोवीस वर्षे नक्कलच केली. पोट त्यावरच भरले. फक्त तुमच्या खेळात नाही केली."

कुर्ला पश्चिमेला, स्टेशनपासून थोड्या अंतरावर त्यांचे कॅसेट भरून द्यायचे दुकान होते. १९८१ ते २००५. चाळिशीच्या पुढच्या वाचकांना अशी दुकाने आठवतील. गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर गाण्यांची यादी आणायची, कोरी कॅसेट घ्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली न्यायची. कायद्याने हे चालत नव्हते, पण गल्लोगल्ली चालत होते. चाचा एका बाजूला रेकॉर्ड लावत, दुसऱ्या बाजूला कॅसेट, आणि मधल्या बटणावर बोट ठेवून बसत. रेकॉर्डवर सुई टेकली की आधी खरखर. गाणे सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी बटण सोडायचे. आधी सोडले तर खरखर भरली जाते, उशिरा सोडले तर पहिला ठोका कापला जातो आणि गिऱ्हाईक परत येते. एका कॅसेटमध्ये सोळा-अठरा गाणी, दिवसाला चार-पाच कॅसेट, चोवीस वर्षे. गाणे सुरू झाले की त्यांचे लक्ष पुढच्या चिठ्ठीकडे जाई. म्हणून गाण्यांच्या सुरुवाती पाठ आणि बाकी जेमतेम. "तुम्ही सगळे विचारता संगीतकार कोण, साल कोणते. गिऱ्हाइकाने मला ते कधी विचारले नाही. तो विचारायचा, पुरेल का?"

पुरेल का, याचाही हिशेब होता. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. जुन्या काळ्या तव्याच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटेच मावत, म्हणून त्या काळची बहुतेक गाणी तेवढ्यातच बसवलेली. लांब गाणे असेल तर तव्याच्या दोन्ही बाजू लागत. बाजू संपताना गाणे मध्येच तुटले तर गिऱ्हाईक पैसे देत नसे. त्यामुळे कोणते गाणे किती सेकंदांचे, हे चाचांना तोंडपाठ ठेवावे लागे.

२६ जुलै २००५ ला मिठी नदीचे पाणी दुकानात छातीपर्यंत आले. मशीन गेले, रेकॉर्डी चिखलात गेल्या, कॅसेटींच्या फिती एकमेकींना चिकटल्या. त्यानंतर त्यांनी दुकान उघडले नाही. तसेही तोवर एकाच सीडीत शंभर-दीडशे गाणी मिळू लागली होती आणि चिठ्ठी घेऊन येणारे कमी झाले होते, असे ते म्हणाले. पुराबद्दल एवढेच. आमचे त्या पुराचे दुःख चाळीस मिनिटांचे असते, कोणी विचारो न विचारो.

मग त्यांनी सुनेला पेटीतून एक वही काढायला सांगितली. पाण्याने फुगलेली, कडा तपकिरी, शाई पसरलेली. उर्दूत लिहिलेल्या याद्या: गिऱ्हाइकाचे नाव, बाजू अ, बाजू ब, गाणी. "उर्दू शिकवता ना मास्टर? वाचा. मला आता दिसत नाही."

आम्ही वाचू लागलो. एका गाण्याचे नाव घेतले की चाचा डोळे मिटून सांगत: आधी अ‍ॅकॉर्डियन, तीन मिनिटे वीस. पुढचे: नुसता ठेका, मग सारंगी, तीन दहा. पुढचे: सज्जादसाहेबांचे, मेंडोलिन, याला बटण फार चटकन सोडावे लागते. मुलगा मोबाइलवर ती गाणी काढून पाहत होता. सात गाण्यांनंतर त्याने पाहणे सोडून दिले आणि आमच्या शेजारी सरकून वहीत डोकावू लागला. वही निम्मी वाचून होईपर्यंत मगरिबची अजान झाली.

निघताना चाचांनी मुलाला विचारले, "एका बोटाने वाजवणारा तूच का?" तो लाजून आमच्या मागे गेला.

ईदनंतर ग्रुप पुन्हा सुरू झाला. जे घडले ते आम्ही सर्वांना सांगितले. ज्यांनी हसरी तोंडे टाकली होती त्यांच्यापैकी दोघांनी चाचांना फोन केला, बाकीच्यांचे आम्हाला ठाऊक नाही. चाचा आले, मोकळेपणाने बोललेही. पण आता ते एका सेकंदाला उत्तर देत नाहीत. सूत्रधाराने चार सेकंद वाजवले की विचारतात, "सगळ्यांचे झाले का?" आणि मग सांगतात. आम्ही दोनदा म्हणालो, चाचा, तुम्हाला माहीत असते तर सांगा ना लगेच. ते म्हणतात, "घाई कसली?" ताई पुन्हा पहिल्या येऊ लागल्या आहेत आणि त्यात त्यांना पूर्वीची मजा वाटत नाही, असे त्यांनीच आम्हाला सांगितले. हा बदल आमच्यामुळे झाला आहे आणि तो परत फिरवायचा कसा, ते आम्हाला अजून सुचलेले नाही.

मुलगा मात्र दर रविवारी असरनंतर चाचांकडे जातो. वहीतले एक पान वाचून दाखवतो, त्यामुळे त्याचे उर्दू वाचन सुधारले आहे, जे आम्हाला घरी चार वर्षांत जमले नव्हते. मग दोघे मिळून पुढच्या आठवड्याचे तुकडे कापतात. चाचा ऐकतात आणि सांगतात, अर्धा सेकंद मागे घे, ठोका कापलास. गेल्या रविवारी तो कॅसिओही पिशवीत घालून घेऊन गेला. परत आल्यावर बेगमनी विचारले, काय म्हणाले चाचा?

"म्हणाले, आधी बाकीची चार बोटे वापरायला शीक."